हिरव्या स्टिकरची मूळ प्रत

गेटवरच्या वलीने हात वर केला. तो रोज सकाळी करायचाच, म्हणून विजयकुमारने रोजच्यासारखी मान डोलावली आणि गाडी तशीच पुढे घेतली. मग त्याच्या ध्यानात आलं, की आजचा हात कपाळापर्यंत जाऊन खाली आलेला नाही. तो बॉनेटसमोर आडवा आहे. त्याने ब्रेक दाबला. शेजारी बसलेल्या वैभवीच्या मांडीवरून कंपासपेटी खाली पडली. आखातातल्या रुवैसच्या या गेटातून तो चौदा वर्षं आत-बाहेर करत होता आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी थांबवलं नव्हतं. आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही, ही त्याच्या दृष्टीने नोकरीतली मुख्य सोय होती.

"साब, ये रंग कौनसा है?" वलीने काचेच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवर बोट टेकवलं.

"हरा."

वली पेशावरकडचा, सहा फुटांवर उंच. तो सावकाश वाकला, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. "साब, हरा मेरे को मालूम है. ये हरा नहीं है."

"इट्स ब्लू, बाबा," वैभवी कंपासपेटी उचलत म्हणाली. "इट्स बीन ब्लू सिन्स द हॉलिडेज."

विजयकुमारने पहिल्यांदाच नीट पाहिलं. स्टिकर निळा होता. अगदी निळाही नव्हे, धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या गणवेशासारखा. कंपनीच्या परिपत्रकात तीन रंग होते: हिरव्या स्टिकरच्या गाडीने स्वच्छ हवा क्षेत्रात कुठेही जावं, पिवळ्याने बाहेरच्या पार्किंगपर्यंत यावं, लाल स्टिकरच्या गाडीने यायचा विचार करू नये. निळा नव्हता. हे त्याला पाठ होतं, कारण ते परिपत्रक त्यानेच नोंदवून त्याच्या एकशेचाळीस प्रती वाटल्या होत्या. गेटच्या आत शाळा, दवाखाना, वरिष्ठांची घरं आणि मुख्य ऑफिस. तिथल्या हवेला खासगी गाड्यांच्या धुराचा उपद्रव होऊ नये, असं गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, वरच्या कुणाला तरी वाटलं होतं. रस्त्यापलीकडे रिफायनरीच्या दोन मशाली रात्रंदिवस जळत असत, आणि वारा समुद्राकडून फिरला की साऱ्या वसाहतीला नासक्या अंड्यांचा वास येई. पण मशालींना स्टिकर नव्हता, कारण त्या कुठे जात-येत नव्हत्या.

वलीने नखाने कोपरा खरवडला. कोपरा सुटला. कोपऱ्याबरोबर सेलोटेप सुटली, आणि टेपखाली लाल शिक्का दिसला: कंट्रोल्ड कॉपी, क्रमांक एक. वलीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण खऱ्या वस्तूवर सेलोटेप नसते एवढं त्याला कळत होतं. तो केबिनमध्ये गेला आणि फोनवर बोलू लागला. त्या बोलण्यात एक शब्द दोनदा आला: तझवीर. विजयकुमारला अरबी म्हणून जे येत होतं ते यल्ला, खलास, इन्शाल्ला आणि हा शब्द. तझवीर म्हणजे बनावटगिरी. इथल्या पेपरात ज्या बातमीत हा शब्द असे, तिच्या शेवटच्या ओळीत मायदेशी धाडणारं विमान असे.

"दस बजे अजीजसाब के ऑफिस में, ओरिजिनल लेके," वली परत येऊन म्हणाला. "गाडी साइड में, साब. सॉरी."

"आय विल वॉक," वैभवी दप्तर पाठीवर टाकत म्हणाली. मग दार लावता लावता, त्याला बरं वाटावं म्हणून असेल, तिने सांगितलं, "नोबडी रीड्स इट, बाबा. दे ओन्ली चेक इफ इट्स ग्रीन."

तो गाडी कडेला लावून घराकडे चालू लागला. नोव्हेंबर असूनही साडेसात वाजता ऊन कानशिलावर बसत होतं. करार या महिन्याच्या तीस तारखेला संपत होता. नूतनीकरणाच्या पत्रावर पर्सोनेलची सही शनिवारी व्हायची होती, आणि आज मंगळवार होता. दर दोन वर्षांनी होणारी ही सही त्याने आजवर गृहीत धरली होती, पण यंदा नूतनीकरणाच्या परिपत्रकात एक नवं कलम आलं होतं: सिक्युरिटीचा रिपोर्ट असल्यास नूतनीकरण रोखून प्रकरण समितीकडे पाठवावं. हेही त्यानेच वाटलेलं. व्हिसा रद्द झाला की तीस दिवस. तीस दिवसांत चौदा वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा, आणि दहावीतल्या मुलीला बोर्डाच्या तोंडावर पुण्यात कुणाच्या तरी ओळखीने कुठल्या तरी शाळेत बसवायचं. ती विचारणार, व्हाय, बाबा? आणि आपण सांगणार, की बाळ, मी स्टिकरची झेरॉक्स काढली. चोरी केली असती, लाच घेतली असती, तर सांगायला निदान काही आकार असता.

आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काय होतं, हे त्याला अजून नीट दिसत नव्हतं. तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. प्लँटचे बावन्न हजार नकाशे त्याच्या ताब्यात होते, आणि त्याच्या धंद्याचा पहिला नियम असा, की मूळ प्रत रेकॉर्ड रूम सोडत नाही. ऊन, तेल, वारा, फोरमनचे हात, या सगळ्यांना तोंड द्यायला प्रत जाते, लाल शिक्का मारून. वर्षापूर्वी ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये युसुफने त्याच्या अठ्ठ्याऐंशीच्या करोलाच्या सायलेन्सरमध्ये धूर तपासायची नळी खुपसली होती. युसुफ रत्नागिरीचा. "दाबा, विजयभाऊ, ॲक्सिलेटर दाबा. अवो लाजताय काय, गाडीच हाय." यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. "पास. आमची मैमुनाबी बांगडे तळते, तेव्हा याच्या दुप्पट धूर होतो." आणि मग त्याने स्टिकर हातात ठेवला. काय स्टिकर होता तो. गर्द हिरवा, चंदेरी काठ, मध्ये हललं की चमकणारा शिक्का, खाली क्रमांक शून्य चारशे सतरा. मागच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं, की एकदा चिकटवल्यावर काढण्याचा प्रयत्न केल्यास स्टिकर फाटेल. फाटेल म्हणजे, फाटावा म्हणूनच तसा बनवलेला. विजयकुमार गाडीत बसून नखाने मागचा कागद सुटा करू लागला. दोन मिलिमीटर सुटला असेल, तेवढ्यात त्याचं नख थांबलं. जी वस्तू वापरल्याने संपते ती वापरायची कशी? त्याने तो दोन मिलिमीटर कागद पुन्हा दाबून बसवला, स्टिकर पाकिटात ठेवला आणि ऑफिसला गेला. तिथे रंगीत झेरॉक्सचं मशिन होतं. लॅमिनेशनचंही होतं.

पानशेतचा पूर आला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला पाणी आठवत नाही. आठवतो तो नंतरचा वास आणि गच्चीवर दोरीला कपड्यांसारखे वाळत घातलेले कागद. खाटेखालच्या ट्रंकेत वडिलांचं, अण्णांचं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. ते दोरीवर नव्हतं. अण्णा कचेरीत रेकॉर्ड कारकून, लोकांचे कागद सांभाळणारे. पुढे वर्षभर अर्ज करून त्यांनी सर्टिफिकेट मिळवलं, त्यावर लाल शाईत तिरकं लिहिलेलं होतं, डुप्लिकेट. मार्क तेच, नाव तेच, सही बहुधा दुसऱ्याची. त्यानंतर प्रत्येक बढतीच्या वेळी समोरचा साहेब विचारायचा, "ओरिजिनल कुठाय?" आणि अण्णा पुराची गोष्ट सांगायचे. शेवटी शेवटी साहेब त्यांच्याहून तरुण असायचे आणि त्यांना पूर माहीत नसायचा. मग अण्णा तो लाल शब्द जिथे होता तो कोपरा मागे दुमडून ठेवायला लागले. अप्पा बळवंत चौकात लॅमिनेशन आलं, तेव्हा रांगेत ते पहिल्या काही जणांत असतील. पत्रिका, रेशन कार्ड, लग्नातली निमंत्रणपत्रिका, विजेची भरलेली बिलं. ते सर्टिफिकेटही केलं, पण कोपरा उलगडायचं राहिलं. तो प्लॅस्टिकच्या आत दुमडलेलाच राहिला, आता कधीच न उलगडण्यासाठी. अण्णा गेल्यावर विजयकुमारने तो कागद उजेडात धरून पाहिला होता. दुमडीमागून लाल शब्द उलटा दिसत होता.

विभावरी भाजी निवडत होती. दारातून नवरा परत आलेला पाहून ती म्हणाली, "डबा विसरलात ना?"

"ओरिजिनल हवंय. स्टिकरचं."

त्याने स्टूल ओढलं आणि कपाटावरची लाल रेक्झिनची फाइल खाली काढली. हकिगत त्याने स्टुलावर उभ्यानेच सांगितली. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"दंड किती?"

"पाचशे दिरहम. पण दंडाचं काही नाही."

"साडेसहा हजार रुपये, आणि काही नाही?" मग तिला कळलं, की खरोखरच त्याचं काही नाही. तिने जुडी खाली ठेवली. "अहो, लग्नात तुम्ही मंगळसूत्राचीसुद्धा झेरॉक्स घातली असतीत."

तो फाइलमध्ये शोधत होता. विभावरीचा हात नकळत गळ्याकडे गेला. गळ्यात एक ग्रॅमचं होतं. खरं कोथरूडच्या बँकेत, लॉकरमध्ये. "म्हणजे घातलंच की," ती म्हणाली, आणि हसावं की नाही ते न ठरल्यामुळे पुन्हा मेथीकडे वळली. विजयकुमारला वाटलं, तिने हे बोलायला नको होतं. त्याच्या डोळ्यांसमोर एकदम कोथरूडचा फ्लॅट आला: बंद खिडक्या, सोफ्यावर जुन्या चादरी, फ्रिजचं दार उघडं राहावं म्हणून मध्ये घातलेली कागदाची घडी, भिंतीवरचं थांबवून ठेवलेलं घड्याळ. सेल खराब होऊ नयेत म्हणून काढून ठेवले होते. दर उन्हाळ्यात महिनाभर ते तिथे जात, चादरी काढत, निघताना पुन्हा घालत. सगळं नव्यासारखं होतं. इथल्या घरातला सोफा मात्र कंपनीचा होता आणि त्यावर ते खुशाल बसून चहा सांडत होते. इथे ऊन, तेल, वारा. लाल शिक्का मारून. पुढचा विचार त्याने केला नाही. स्टिकर सापडला होता, बंद पडलेल्या टीव्हीच्या वॉरंटी कार्डाच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या मध्ये. हिरवा म्हणजे किती हिरवा, हे तो विसरला होता.

अजीजसाहेब तिशीतला, इथलाच, अंगातला पायघोळ पांढरा कंदुरा इस्त्रीचा, आवाज मऊ. परदेशात शिकून आला होता आणि आपल्याला सिक्युरिटी खातं का मिळालं याचं त्याला रोज नव्याने आश्चर्य वाटत असावं. तांत्रिक सल्लागार म्हणून युसुफला बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि विजयकुमारकडे पाहायचं टाळत होता. टेबलावर निळी झेरॉक्स आणि हिरवी मूळ प्रत शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. अजीजने मूळ प्रत उचलली, बोटाने काठ चाचपला, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"व्हेअर इज द ग्लू?"

"इनसाइड, सर."

"इनसाइड व्हॉट?"

"लॅमिनेशन, सर."

अजीजने ती दोन्ही हातांनी किंचित वाकवून पाहिली. कुडुक असा आवाज झाला. विजयकुमारचा हात आपोआप पुढे गेला आणि परत आला.

"व्हाय?"

"फॉर सेफ्टी, सर."

"सेफ्टी ऑफ हू?"

याचं उत्तर विजयकुमारकडे होतं. त्यात पूर होता, ट्रंक होती, दोरी होती, दुमडलेला कोपरा होता. पण ते इंग्रजीत कुठून सुरू करायचं ते त्याला सुचेना. "ऑफ स्टिकर, सर," तो म्हणाला.

अजीज युसुफकडे वळून हिंदीत म्हणाला, "तुम्हारे मुल्क में सब लोग ऐसा करते हैं?"

"नहीं साब," युसुफ म्हणाला. "खाली पूनावाले."

अजीजने पेन काढलं. छापील फॉर्मवर तीन चौकोन होते: बनावट, चोरलेला, मुदत संपलेला. त्याने पेन पहिल्या चौकोनावर नेलं, दुसऱ्यावर नेलं, आणि हवेतच धरलं. "जिसके पास असली है, वो नकली क्यों बनाएगा?" त्याने विचारलं. आवाजात आरोप नव्हता, कुतूहल होतं.

"असली बचाने के लिए, सर."

"बचा के क्या करेगा?"

विजयकुमारने छताकडे पाहिलं. एसीच्या जाळीला एक रिबन बांधलेली होती आणि ती फडफडत होती. बचा के क्या करेगा. बापाच्या पश्चात छत्तीस किलोचे लॅमिनेट केलेले कागद त्याच्या वाट्याला आले होते, तेही त्याने वाचवून ठेवले होते.

"रिपोर्ट तो लिखना पड़ेगा, हबीबी," अजीज म्हणाला. त्याने तिन्ही चौकोन मोकळे सोडले आणि खालच्या जागेत लिहायला घेतलं. जागा पुरली नाही, पुरवणी जोडली. चार पानं झाली. इतकं मन लावून लिहिताना विजयकुमारने या ऑफिसात कुणाला पाहिलं नव्हतं. शेवटी अजीजने स्टेपलर उचलला, हिरवा स्टिकर पानांच्या मागे ठेवला आणि दाबला. पिन प्लॅस्टिकमध्ये गेली नाही. त्याने मूठ आपटली. पिन गेली, चंदेरी काठाच्या आत, हिरव्यातून.

मग नवा स्टिकर. शेडमध्ये युसुफने पुन्हा नळी खुपसली. या वेळी पट्टी यायला वेळ लागला. "पास," तो म्हणाला. "पण यंदा मैमुनाबीच्या बरोबरीला आलीय, विजयभाऊ. पुढच्या वर्षी काय सांगता येत नाय." आपल्यासमोर चिकटवायचा, अशी अजीजची अट होती, तो उन्हात, डोळ्यांवर हात धरून उभा होता. विजयकुमारने नवा स्टिकर घेतला, नखाने मागचा कागद सुटा केला. दोन मिलिमीटर. त्याची बोटं तिथेच थांबली.

"अवो, पोरगी सासरी धाडताय काय?" युसुफ म्हणाला आणि स्टिकर त्याच्या हातातून घेऊन कागद सर्रकन ओढला आणि काचेवर चापट मारली. स्टिकर तिरका बसला. मधोमध हवेचा एक बुडबुडा राहिला.

"खलास," अजीज म्हणाला आणि सावलीत गेला.

बुधवारी सकाळी रिपोर्ट विजयकुमारच्या ट्रेमध्ये आला. येणारच होता. कंपनीतला प्रत्येक कागद तिथूनच जातो. त्याने तो वाचला. अजीजने कुठेही बनावट हा शब्द वापरला नव्हता. तिसऱ्या पानावर म्हटलं होतं, की सदर कर्मचाऱ्याचा हेतू समजून घेण्याचा प्रयत्न केला, पण यश आलं नाही. वाटप यादीत सिक्युरिटी, ट्रान्सपोर्ट, पर्सोनेल. त्याने नोंद केली, क्रमांक दिला, शिक्का मारला: ओरिजिनल. मग तीन प्रती काढल्या. झेरॉक्समध्ये स्टिकर काळा आला. भिंतीवर प्रत्येक खात्याचा एक, असे चोवीस कप्पे होते. पर्सोनेलच्या खाली पेंट शॉपचा होता. पेंट शॉपचा माणूस महिन्यातून एकदा कागद न्यायला यायचा, तोही रमजान आहे की नाही ते पाहून. रमजान सुरू होता. एक कागद चुकून एका कप्प्याने खाली पडला, तर शनिवार सुखरूप निघून जाईल, आणि डिसेंबरात पेंट शॉपचा माणूस म्हणेल, साब, ये हमारा नहीं है. चूक कुणाकडून होत नाही? त्याच्याकडून झाली नव्हती. चौदा वर्षांत एकदाही नाही. म्हणजे एक चूक त्याच्या नावावर शिल्लक होती, असंही म्हणता आलं असतं. त्याने पर्सोनेलची प्रत पेंट शॉपच्या कप्प्यात ठेवली आणि पँट्रीत गेला. रमजानमुळे पँट्री कुलूपबंद होती. तो कुलपासमोर थोडा वेळ उभा राहिला. त्याला अण्णांचा अंगठा दिसला, कागदाचा कोपरा मागे दुमडणारा, नखाने घडी पक्की करणारा. परत येऊन त्याने प्रत वरच्या कप्प्यात ठेवली, आणि मग, कप्प्याचाही भरवसा न वाटून, स्वतः उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली.

पोचपावती दहा मिनिटांत आली. चार पानं, पुरवणीसकट, आणि दहा मिनिटं. सही नेहमीसारखी, चुकीच्या रकान्यात.

शनिवारी पर्सोनेलच्या गनीने त्याला वर बोलावलं. गनी हैदराबादचा, त्याच्याआधी दोन वर्षं आलेला. फाइल टेबलावर उघडी होती. सगळ्यात वर नूतनीकरणाचं पत्र होतं, सही झालेलं. त्याच्या लगेच खाली चार पानं आणि काळा स्टिकर. फाइल नीट मिटेना म्हणून गनीने कागदांचा तो फुगवटा तळहाताने दाबला.

"गनीभाई, वो सिक्युरिटी का रिपोर्ट—"

"आ गया ना. लगा दिया." गनीने पेन पुढे केलं. "आपके पास से आया मतलब ठीकिच होगा. चौदा साल में कभी कुछ देखना पड़ा क्या?"

विजयकुमारने गनीच्या तोंडाकडे पाहिलं. तो खरोखरच कौतुकाने बोलत होता. म्हणजे हे सगळं, बावन्न हजार नकाशे, परिपत्रकाच्या एकशेचाळीस प्रती, ते यंदाचं नवं कलमसुद्धा, कुणी वाचतच नव्हतं. त्याला वाटलं, सांगावं: पान तीन बघा, निदान पान तीन. तोंड उघडलंही. वैभवीची दहावी मध्ये आली. त्याने सही केली.

"दो साल और," गनी म्हणाला. "मुबारक हो. ओरिजिनल हमारे पास रहेगा. ये आपकी कॉपी."

तो खाली आला. ऊन उतरत होतं, वारा फिरला होता आणि नासक्या अंड्यांचा वास सुटला होता. मशाली जळत होत्या. त्याने करार घडी न घालता डॅशबोर्डवर ठेवला, काचा वर केल्या आणि गाडी सुरू करायच्या आधी समोर पाहिलं. स्टिकर हिरवागार होता, तिरका, आणि मध्ये बुडबुडा. बुडबुडा काचेपलीकडे, बाहेरच्या बाजूला होता. तरी त्याने आतून अंगठा टेकला आणि जोरात दाबला. काही झालं नाही. मग तो बाहेर उतरला, रुमालाला नीट घडी घातली आणि बाहेरून दाबू लागला. बुडबुडा तिथून सरकला आणि चमकणाऱ्या शिक्क्याखाली जाऊन बसला. तिथून दाबला, तर तो क्रमांकावर आला. समोरच्या गेटपाशी उभ्या वलीने लांबूनच सलाम केला. विजयकुमारने मान डोलावली आणि पुन्हा दाबलं.